बावीस अक्षरांचा आरएनए आणि मूत्रपिंड
भाईंदर खाडीकाठच्या मिठागरांत पिढ्यान्‌पिढ्या माणसे उन्हात राबली. घामावाटे पाणी गेले की ताण मूत्रपिंडाच्या पेशींवर येतो आणि त्यांतील सूक्ष्म-आरएनएंचे प्रमाण बदलते. पहिला सूक्ष्म-आरएनए, अवघ्या 22 अक्षरांचा, 1993 साली सूत्रकृमीत सापडला. शोधनिबंधावर पहिले नाव रोझालिंड ली यांचे. 2024 चे नोबेल मात्र अँब्रोस व रुवकुन यांना! हा प्रकार कृमींपुरताच असावा, हा समज 2000 साली मोडला. माणसातही असे रेणू निघाले. 2012 मध्ये मिर-21 नसलेल्या उंदरांच्या इजा झालेल्या मूत्रपिंडांत व्रणऊती कमी आढळली. मिर-21 ला रोखणारे औषध आल्पोर्ट विकाराच्या रुग्णांना देऊन पाहिले. उपयोग दिसेना, म्हणून 2022 मध्ये चाचणी थांबली. मिठागरातल्या माणसाची तपासणी अजून रक्तातील क्रिएटिनिनवरच होते, आणि ते वाढलेले दिसेपर्यंत मूत्रपिंडांची निम्मी क्षमता बहुधा गेलेली असते.