जुन्या पियानोचा जीर्णोद्धार व त्याची मागणी

१९०४ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या नगरीत पियानोचे कारखानदार व व्यापारी यांची परिषद भरली होती. त्या प्रसंगी जुन्या चौकोनी पियानोंचा ढीग रचून त्याला जाहीररीत्या अग्नी देण्यात आला. नव्या वाद्याच्या बदल्यात ग्राहकांकडून परत घेतलेली जुनी वाद्ये व्यापाऱ्यांच्या गळ्यात पडत. ती पुन्हा बाजारात येऊन नव्या मालाची किंमत पाडत. तेव्हा ही होळी हा केवळ विनोद नव्हता. जुना पियानो म्हणजे अडगळ, हे ग्राहकाच्या मनावर बिंबविण्याचा तो एक उपाय होता. पुढे शतकभराने त्याच देशात चित्र पालटले. होळीच्या सुमारास तयार झालेल्या पियानोंसाठी, ते नव्याने दुरुस्त करून घेतलेले असल्यास, नव्या वाद्याच्या तोडीची रक्कम मोजणारे ग्राहक दिसू लागले. हा पालट कशामुळे झाला, आणि असा ग्राहक नेमके काय विकत घेतो, हे दोन प्रश्न वाद्यविद्येच्या इतकेच आर्थिक व सांस्कृतिक इतिहासाचेही आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी वाद्याच्या रचनेच्या इतिहासात सापडते. पाडुआचा बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने फ्लोरेन्सच्या मेदिची दरबारी घडविलेल्या पियानोची नोंद १७०० सालच्या यादीत आढळते. त्यानंतरची सुमारे पावणेदोनशे वर्षे हे वाद्य सतत बदलत राहिले. १८२१ साली सेबास्तियाँ एरार याने पट्टी पुरती वर येण्यापूर्वीच तोच स्वर पुन्हा वाजविता येईल अशी यंत्ररचना सिद्ध केली. १८२६ साली आंरी पाप याने हातोडीवरील चामड्याच्या जागी नमदा आणला. बॉस्टनच्या ॲल्फियस बॅबकॉक याने १८२५ साली अखंड लोखंडी चौकटीचे एकस्व मिळविले आणि १८४३ साली जोनास चिकरिंगने तीच कल्पना मोठ्या पियानोला लागू केली. १८५९ साली न्यूयॉर्कच्या स्टाइनवे घराण्यातील धाकट्या हेन्रीने मोठ्या पियानोत खर्जाच्या तारा इतर तारांवरून तिरप्या नेण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. १८८० साली त्याचा भाऊ थिओडोर याने लाकडाचे अनेक थर चिकटवून व एकत्र वाकवून वाद्याची कड घडविण्याची पद्धती सिद्ध केली. बिडाच्या चौकटीमुळे तारांचा एकंदर ताण वाढत वाढत सुमारे वीस टनांपर्यंत गेला. मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणारा नाद त्या ताणाचेच फळ होय.

विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या टप्प्यानंतर मूलभूत स्वरूपाचा बदल जवळजवळ झाला नाही. १८८५च्या सुमाराचा न्यूयॉर्कचा मोठा पियानो आणि आजचा पियानो यांत तत्त्वतः भेद नाही. १८९५चे मोटार-वाहन आज रस्त्यावर आणणे हा छंद ठरेल. पण त्याच वर्षीचा पियानो आजच्या मैफिलीत वाजविणे शक्य आहे. यंत्र जुने झाले तरी कालबाह्य झाले नाही, ही घटना यंत्रयुगात विरळाच म्हणावी लागेल.

याच्या जोडीला उत्पादनाचा इतिहास आहे. हप्तेबंदीने विक्री, मध्यमवर्गीय घरातील दिवाणखान्याची प्रतिष्ठा, मुलींच्या शिक्षणात वादनाला मिळालेले स्थान आणि शेवटी कागदाच्या गुंडाळीवर आपोआप वाजणारे पियानो यांमुळे अमेरिकेत १९०९ साली साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. पुढे ग्रामोफोन आला, रेडिओ आला आणि १९२९ नंतरच्या मंदीने उरलेसुरले पाणी आटविले. १९३२ पर्यंत उत्पादन १९०९च्या दशांशाखाली गेले. शेकडो कारखाने बंद पडले किंवा एकमेकांत विलीन झाले. दुसऱ्या महायुद्धात स्टाइनवेच्या कारागिरांना सैन्यासाठी ग्लायडरचे भाग घडवावे लागले. अशा रीतीने भरभराटीच्या काळातील वाद्ये मागे राहिली व ती करणारे कारखाने नाहीसे झाले. जुन्या मालाला मोल येण्यास याहून अनुकूल परिस्थिती दुसरी कोणती असणार?

यात आणखी एका प्रकरणाची भर पडली. १९६२ साली स्टाइनवेच्या न्यूयॉर्क कारखान्याने हातोड्यांच्या सांध्यांतील लोकरी नमद्याऐवजी टेफ्लॉनचे अस्तर वापरण्यास प्रारंभ केला. नमद्याची झीज होते व तो ओलाव्याने फुगतो. टेफ्लॉनचे तसे होत नाही, म्हणून ते श्रेष्ठ, असा तर्क होता. तर्क बिनचूक होता, पण टेफ्लॉनच्या भोवतीचे लाकूड पूर्वीसारखेच ऋतुमानाप्रमाणे फुगत व आकसत राहिले. त्यामुळे सांधे कधी घट्ट, कधी सैल होऊ लागले आणि वादकांना टकटक ऐकू येऊ लागली. सुमारे वीस वर्षांनी कारखाना नमद्याकडे परतला. १९७२ साली घराण्याने कंपनी सी.बी.एस. या प्रक्षेपण-संस्थेला विकली होती. या दोन घटना एकत्र करून, ‘युद्धपूर्व ते अस्सल’ असे एक सूत्र बाजारात रूढ झाले. हे सूत्र जसेच्या तसे मान्य करता येत नाही, कारण जुन्या काळीही सुमार वाद्ये विपुल निघत होती. त्यांपैकी बहुतेक मोडीत गेली. जी टिकली ती बहुधा चांगली होती म्हणून टिकली, आणि टिकलेल्यांवरून साऱ्या काळाची परीक्षा करणे हा इतिहासलेखनातील जुनाच दोष आहे.

दुसरा प्रश्न अधिक बिकट आहे. क्रेमोनाच्या व्हायोलिनप्रमाणे पियानोही वयाने मुरतो, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः दोहोंची जात भिन्न आहे. व्हायोलिनवरील ताण अल्प असतो आणि तिचे झिजणारे भाग थोडे व सहज बदलता येण्याजोगे असतात. उलट पियानो हजारो सुट्या भागांचे यंत्र असून तो जन्मभर वीस टनांचे ओझे पेलत उभा असतो. नमदा टणक होतो, तारा गंजतात, खुंट्या धरून ठेवणाऱ्या फळीची भोके सैल होतात व स्वर टिकेनासा होतो. स्प्रूस लाकडाच्या स्वरफलकाला मुद्दाम अल्पसा फुगवटा दिलेला असतो. कोरड्या हवेत व तारांच्या दाबाखाली तो उतरतो, कधी फलकाला चिरा पडतात. तेव्हा कसबी कारागीर वाद्य पूर्ण उकलतो. तारा, खुंट्या, हातोड्या नव्या बसवितो. पुष्कळदा खुंट्यांची फळीही बदलतो. स्वरफलक ठेवावा की बदलावा यावर मात्र या धंद्यात दोन पक्ष आहेत. एका पक्षाच्या मते फलक हाच वाद्याचा प्राण आहे, तो गेला की जुनेपण गेले. दुसऱ्या पक्षाच्या मते थकलेला फलक राखून ठेवणे ही निव्वळ भावुकता होय. मूळ कारागिराला जो नाद अभिप्रेत होता तो नव्या फलकानेच परत मिळतो.

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मानले तर मूळचे काय उरते? बिडाची चौकट, बाहेरची लाकडी कड, पाय, झाकण, आणि चौकटीवरील अनुक्रमांक. हा अनुक्रमांक म्हणजे वाद्याची जन्मपत्रिकाच असते. हाइन्रिख स्टाइनवेगने जर्मनीत ४८२ पियानो घडविल्यानंतर न्यूयॉर्कला १८५३ साली स्थापलेल्या कंपनीची गणना ४८३ पासून सुरू केली. १,००,००० क्रमांकाचा पियानो १९०३ साली व्हाइट हाउसला भेट देण्यात आला. ग्राहक प्रथम पाहतो तो हा क्रमांक, स्वर त्यानंतर. नव्या फलकावर जुन्या नमुन्याबरहुकूम कारखान्याची मुद्राही पुन्हा उमटविली जाते. यात फसवणूक असतेच असे नाही, कारण प्रामाणिक विक्रेता सारे सांगतो. पण सांगूनही ग्राहकाला ती मुद्रा हवीच असते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे देवालयाच्या जीर्णोद्धारात शिखर नवे, सभामंडप नवा झाला तरी देवस्थान तेच राहते, कारण त्याचे तेपण दगडात नसून स्थानात व पूजेच्या अखंडतेत असते. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा व दांडी जुनी असली की तारा कितीही बदला, जवारी कितीदाही काढा, तंबोरा तोच. पियानोची स्थिती या दोहोंच्या मधली आहे. नादाचे सातत्य हवे तर जुने लाकूड काढावे लागते; लाकडाचे सातत्य हवे तर नादावर पाणी सोडावे लागते.

वस्तुसंग्रहालयांनी हा धडा महाग किंमत देऊन घेतला. क्रिस्तोफोरीचे तीनच पियानो अवशिष्ट आहेत : १७२० चा न्यूयॉर्कला, १७२२ चा रोमला व १७२६ चा लाइपझिगला. त्यांपैकी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील वाद्य वाजते करण्यासाठी १९३८ साली त्याला नवा स्वरफलक बसविण्यात आला. वाद्य वाजू लागले, परंतु जगातील सर्वांत प्राचीन अवशिष्ट पियानोचा मूळ नाद जाणून घेण्याचे मुख्य साधन त्याबरोबर गेले. म्हणूनच आता असे दुर्मिळ वाद्य न उकलता त्याची मापे घेऊन प्रतिकृती घडविण्याकडे अभ्यासकांचा कल असतो. खाजगी ग्राहकाला हा संयम परवडत नाही. त्याला वाद्य वाजवायचे असते, आणि १९१० सालचे वाद्य एकमेव नसून हजारोंपैकी एक असते. तरीही दर दुरुस्तीबरोबर त्या काळचा एकेक पुरावा कमी होतो : मूळ सरस, मूळ नमद्याची जाडी, हातोड्यांचे वजन. या नोंदी ठेवणारे कारागीर थोडे आहेत.

या वाद्यांच्या आकर्षणाची एक बाजू अशी की तिच्याविषयी विक्रेते फारसे बोलत नाहीत. ती म्हणजे पट्ट्यांवरील हस्तिदंत. बोटाला घाम आला तरी न निसटणारा त्याचा स्पर्श वादकांना प्रिय आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन पियानोंचा हस्तिदंत मुख्यतः कनेक्टिकटमधील आयव्हरीटन व डीप रिव्हर या दोन गावी कापला जाई व काचेच्या घरांत उन्हात ठेवून पांढरा केला जाई. तो येई झांझिबारच्या बंदरातून. आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत हे सुळे माणसांच्या खांद्यांवरून येत. त्यांत मजूर होते तसे गुलामही होते. झांझिबारचा गुलामांचा बाजार १८७३ साली बंद झाला, तेव्हा न्यूयॉर्क व बॉस्टनचे कारखाने भरात होते. दिवाणखान्यातील सुसंस्कृतपणाचे हे चिन्ह या वाटेने आले होते. १९८९ साली आंतरराष्ट्रीय कराराने आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले. तेव्हापासून जुना पियानो सीमेपार नेणाऱ्यास त्याचे वय सिद्ध करावे लागते व पुष्कळदा पट्ट्यांवरील हस्तिदंत काढूनच टाकावा लागतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ व १९९१ साली झालेल्या दुरुस्त्यांनी हा व्यापार निषिद्ध केला.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध आहे तो हवामानाच्या द्वारे. ब्रिटिश अमदानीत येथे येणारे पियानो पारशी, गोमंतकीय ख्रिस्ती व युरोपीय घरांत आणि शाळांत जात. पावसाळ्यात प्राणिज सरस सुटे, पट्ट्या अडकत, वाळवी व कसर यांचा उपद्रव होई. म्हणून इंग्लंडातील कारखानदार उष्ण प्रदेशांसाठी निराळी वाद्ये बांधीत : सांध्यांना पितळी स्क्रू, पट्ट्यांवरील हस्तिदंतालाही बारीक पितळी खिळे. सरसावर विश्वास न ठेवणाऱ्या या वाद्यांना युरोपच्या बाजारात आज वेगळे चाहते आहेत. दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला मात्र ती उकलणे जिकिरीचे जाते, कारण प्रत्येक जोडाशी पितळेचा एक तरी गंजलेला स्क्रू त्याची वाट पाहत असतो.