गडचिरोलीचे मणी, हिंगोलीची आशाताई

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात गडचिरोलीच्या खेड्यांवर एक शोधनिबंध छापून आला. या दोन गोष्टींचा तेव्हा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. तो १२ वर्षांनी जुळला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेचा तो निबंध. त्यांनी ३९ गावांतल्या थोडंफार शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळ तपासायला शिकवलं. तिथे १९९३ ते ९५ या काळात हजार जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या महिन्यातच जात होती. १९९७-९८ मध्ये हा आकडा २५.५ वर आला. तुम्ही म्हणाल, पाऊसपाणी चांगलं झालं असेल, रस्ते झाले असतील! म्हणून तर शेजारच्या ४७ गावांतही मोजणी चालू होती. तिथे ही सेवा नव्हती आणि आकडा ५८ वरून ५९.६ झाला होता. पुराव्यावर आधारलेलं आरोग्यकाम म्हणतात ते हेच. नुसतं 'गुण आला' म्हणायचं नाही, शेजारी ठेवून मोजायचं.

त्याच्याही आधी बंग दांपत्याने न्यूमोनियावर काम केलं होतं. बाळाचे श्वास मोजायचे, पण सुइणींना मोठे आकडे येत नव्हते. मग एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधन बनवलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. लाल मण्यापर्यंत पोचलं की बाळ आजारी. किती सोपं!

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी 'आशा' आल्या आणि २०११ मध्ये घरच्या घरी नवजात बाळाची काळजी हा देशभराचा कार्यक्रम झाला. जन्म दवाखान्यात झाला तर ६ भेटी, घरी झाला तर ७. गडचिरोलीचा धडा असा हिंगोलीत पोचला.

आमच्या नात्यातल्या एक वहिनी आशा आहेत. त्यांना विचारलं, "श्वास साठच का हो मोजायचे?"

"ट्रेनिंगमध्ये सांगितलं तसं. साठ किंवा वर गेले की परत मोजायचं. बाळ रडत असलं तर आधी शांत करायचं."

मी त्यांना मण्यांची गोष्ट सांगितली. त्या थबकल्या. "म्हणजे आमच्यासारख्याच बायका होत्या की त्या!"

हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत नियम आला, नियमाचा जन्म आला नाही.

दुरून शिकवण्याची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' म्हणत. २०२० मध्ये कोविडच्या काळात केंद्र सरकारने 'दीक्षा' या व्यासपीठावर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी अभ्यासक्रम ठेवले. कळमनुरी किंवा सेनगावच्या आशाताईला मोबाईलवर धडा मिळू लागला, तर रोजचं काम सोडून तालुक्याला जावं लागत नाही. हा फायदा काही लहान नाही.

पण मला वाटतं, अशा धड्यात दोन गोष्टी हव्यातच. एक म्हणजे हात. छातीची हालचाल पडद्यावर पाहता येते, पण रडणारं बाळ मांडीवर घेऊन मिनिटभर मोजणं शेजारी कुणी अनुभवी बाई असल्याशिवाय जमत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे 'हे कशावरून कळलं' ते. कारण माहीत नसलं की नियम नुसता फॉर्मवरचा रकाना होतो. घाईच्या दिवशी रकाना न मोजताही भरता येतो, आणि त्या दिवशी त्या घरातल्या बाळाची धाप कुणालाच कळत नाही. कारण माहीत असलेली बाई मात्र दुसऱ्यांदा मोजते.

ज्ञानगंगा घरोघरी जाते हे खरंच. पण ही गंगा मुळात घराघरांतूनच निघाली होती. धडा पाठवणाऱ्यांनी तेवढं पहिल्याच पानावर लिहावं.