लिफाफ्याचा कापलेला चौकोन व वाशीमचे नाव

जुन्या लिफाफ्यांवरील छापील तिकिटाचा चौकोन कापून ठेवण्याची चाल संग्राहकांत फार दिवसांची आहे. हिंदुस्थानात असे लिफाफे १८५६ साली निघाले. त्यांवर राणी व्हिक्टोरियाचे मस्तक उठावाने छापलेले असे. हा चौकोन ओळखणे कठीण नाही : मस्तक बोटास उंच लागते, कडेस दाते नसतात आणि कागद लिफाफ्याचाच असतो.

मोल ठरविताना मात्र केवळ छाप व रंग पाहून भागत नाही. वाशीमचेच उदाहरण घ्यावे. १९०५ पर्यंत हे वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे होते. १९९८ साली ते पुन्हा तसे झाले. इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘बासिम’ असे. पत्रलेखक पत्ता मोडीत वा बाळबोधीत घाली, टपालाचा शिक्का रोमन लिपीत पडे. त्यामुळे एकाच लिफाफ्यावर स्थलनामाची लोकांतील व सरकारी अशी दोन्ही रूपे तारखेसह सापडण्याचा संभव असतो. चौकोन कापला की पत्ता नाहीसा होतो व शिक्क्याचा तुकडा तेवढा उरतो. अखंड लिफाफ्यास बाजारातही सामान्यतः अधिक किंमत येते. भाषाभ्यासकास तर तो दिनांकित लेखच होय. तेव्हा घरोघरची जुनी दप्तरे चाळताना कात्री दूर ठेवावी.