दोल्बादार्नचा बुरूज

उत्तर वेल्समधील लॅनबेरिस गांवीं येणारे बहुतेक प्रवासी स्नोडन पर्वत चढण्याच्या घाईंत असतात. गांवाच्या टोंकाशीं, पादार्न व पेरिस या दोन सरोवरांच्या मध्यें, एका खडकावर वाटोळा बुरूज उभा आहे. त्याच्याकडे जे मुद्दाम वळतात, त्यांतील पुष्कळांच्या हातीं कॅमेरा असतो.

हा दोल्बादार्नचा किल्ला. तेराव्या शतकाच्या प्रारंभीं लिवेलिन अप इओरवेर्थ या वेल्श राजानें तो बांधला, असें मानतात. तट पाटीच्या दगडाचे व चुन्यावांचून रचलेले होते. ते बहुतेक ढासळले. बुरुजाला चुना वापरला होता, आणि तो सुमारें ५० फूट उंच अजून टिकून आहे. त्याचें दार जमिनीवर नसून पहिल्या मजल्यावर आहे. वाटोळ्या बुरुजाची ही तऱ्हा सरहद्दीवरील इंग्रज सरदारांची; शत्रूची विद्या घेण्यांत लिवेलिनास कमीपणा वाटला नाहीं.

या राजाचा नातू लिवेलिन अप ग्रिफिद यानें १२५५ सालीं ब्रिन डेर्विनच्या लढाईंत आपल्या सख्ख्या भावांचा पराभव केला. धाकटा दाविद लवकर सुटला. थोरला ओवेन मात्र बावीस वर्षें कैदेंत खितपत पडला. १२७७ सालीं इंग्लंडच्या राजाशीं तह झाला, तेव्हां कोठें त्याची मुक्तता झाली. त्याच्यासाठीं हवेल फोएल या कवीनें केलेल्या काव्यांत बुरुजांतील बंदिवानाचा उल्लेख येतो. तो बुरूज हाच, असें परंपरा सांगते.

चित्रकार टर्नर यानें १८०० सालीं हा किल्ला रंगविला, आणि पुढें १८०२ सालीं तें चित्र रॉयल अकॅडमीला दिलें. त्यांतील बुरूज आकाशांत एकाकी उंच चढला असून पायथ्याशीं माणसें मुंगीएवढीं दिसतात. कॅमेऱ्याला हें साधत नाहीं. भोंवतालच्या डोंगरांपुढें बुरूज ठेंगणा ठरतो, आणि पलीकडे १९६९ सालीं बंद पडलेल्या दिनॉरविगच्या पाटीच्या खाणीचे करडे टप्पे चौकटींत शिरतात. पेरिस सरोवराचें पाणीही एका पातळीवर राहत नाहीं, कारण डोंगराच्या पोटांतील वीजकेंद्र १९८४ पासून तें वर चढवितें व खालीं सोडतें. चतुर छायाचित्रकार खाण टाळीत नाहीं. बुरूज आणि खाण दोन्ही एकाच डोंगरी दगडाचीं आहेत.

११ डिसेंबर १२८२ रोजीं लिवेलिन मारला गेला. ज्या दाविदाशीं तो एकदां लढला होता, तोच आतां वेल्सचा शेवटचा आधार उरला. १२८३ च्या मे महिन्यांत तो याच किल्ल्यावर होता. जूनमध्यें पकडला गेला, आणि ऑक्टोबरांत श्रूझबरी येथें त्याचा हालहाल करून वध झाला. पुढच्याच वर्षीं इंग्रजांनीं येथील कांहीं लांकूड काढून केर्नार्वनच्या नव्या किल्ल्याच्या कामीं लावलें.

आज बुरुजांत उभें राहून कॅमेरा वर धरला, तर मजल्यांच्या तुळयांचीं रिकामीं भोंकें तेवढीं दिसतात, आणि त्यांच्यावर वाटोळें आकाश.