कात्री ते संगणक : बदलती वस्त्ररचना

जाड कागदावर खाका काढायचा, त्यानुसार मांजरपाट कापून नमुना शिवायचा आणि अंगावर चढवून दुरुस्त्या करायच्या, ही वस्त्र बेतण्याची पारंपरिक पद्धत. गेल्या अर्धशतकात संगणकाने या पद्धतीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा बदलला आहे.

आरंभ कापणीपासून झाला. अमेरिकेतील जोसेफ गर्बर यांनी १९६९ मध्ये संगणकाच्या आज्ञेनुसार कापडाचे थर कापणारे यंत्र सिद्ध केले. पुढे एका खाक्यावरून लहान-मोठी सर्व मापे काढणे, तसेच कापड कमीत कमी वाया जाईल अशी तुकड्यांची मांडणी करणे ही कामेही पडद्यावर होऊ लागली. जपानच्या शिमा सेईकी कंपनीने १९९५ मध्ये संपूर्ण वस्त्र शिवणीविना विणणारे यंत्र आणले. नेदरलँड्सच्या आयरिस व्हॅन हर्पेन यांनी २०१० मध्ये त्रिमितीय मुद्रणातून घडवलेले वस्त्र सादर केले.

आता कापडाचे वजन, ताण आणि लवचिकता यांची माहिती संगणकाला दिली की आभासी पुतळ्यावर वस्त्र कसे दिसेल, हे शिवण्यापूर्वीच कळते. त्यामुळे नमुन्यांची संख्या घटते. वेळ आणि कापड वाचते. मात्र दिलेली माहिती सदोष असेल, तर पडद्यावरची चुणी प्रत्यक्षात तशी पडत नाही. कापड हाताळून पारखणाऱ्या मास्टरची गरज म्हणूनच संपलेली नाही.

खरा प्रश्न मालकीचा आहे. छायाचित्रावरून नक्षी उचलून डिजिटल छपाईने कापडावर उतरवणे आज अगदी सोपे झाले आहे. भारतात नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेल्या डिझाइनवरील कॉपीराइट, त्या डिझाइनच्या वस्तूच्या औद्योगिक पद्धतीने पन्नासहून अधिक प्रती निघताच संपुष्टात येतो. याउलट डिझाइन कायदा, २००० अन्वये नोंदणी केल्यास दहा वर्षे आणि मुदतवाढीने आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. ही नोंदणी डिझाइन जाहीर करण्यापूर्वी करणे आवश्यक असते.

परंपरागत नक्षीची स्थिती अधिक नाजूक आहे. पैठणीला भौगोलिक मानांकन लाभले असले, तरी त्यातील मोर आणि कमळ छापील कापडावर सर्रास दिसतात आणि त्याचा मोबदला विणकराला मिळत नाही. अशा वेळी ग्राहकाची पारख महत्त्वाची ठरते. हातमागावरच्या अस्सल पैठणीची नक्षी धाग्यात धागा गुंतवून विणलेली असल्याने तिचा पदर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. छपाईला ते साधत नाही.