शनिवारवाड्याची वीट आणि ‘खण’ हा शब्द

शनिवारवाड्याच्या तळाचे काम दगडी आणि वरचे विटांचे का, या प्रश्नाला बहुधा एका आख्यायिकेने उत्तर दिले जाते. दगडी वाडा बांधण्याचा अधिकार केवळ छत्रपतींचा. तशी तक्रार शाहूमहाराजांकडे गेली आणि पेशव्यांनी वरचे मजले विटांनी पुरे केले. पुढे इंग्रजांच्या तोफांपुढे ते ढासळले, असे शेपूटही तिला जोडलेले आढळते.

या कथेत भिंत हाच घराचा आधार असे गृहीत धरलेले आहे. वाड्याची परिभाषा निराळे सांगते. जुने घर खोल्यांनी नव्हे, खणांनी मोजीत. आणि खण म्हणजे दोन खांबांमधील अथवा दोन तुळयांमधील अंतर. घर ‘पाच खणी’ म्हटले की लाकडी सांगाड्याचाच हिशेब सांगितला जाई. तळखड्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट, या वाटेने मजल्याचा भार खाली उतरतो. बाहेरच्या जाड भिंती काही ओझे पेलीत हे खरे. तथापि आत वीट ही मुख्यतः भर होय. (संस्कृत ‘इष्टका’, प्राकृत ‘इट्टा’ यांपासून आलेल्या या शब्दाच्या आरंभीचा ‘व’ मराठीने आपल्या पदरचा घातला आहे.) जमिनीची ओल व शत्रूचा मारा सोसण्यास खाली दगड, आणि सांगाड्यावर बोजा नको म्हणून वर वीट, हा गवंड्याचा व्यवहार झाला. त्यासाठी राजाज्ञेची गरज नव्हती.

शेपटाविषयी तर शंकाच नको. १७३० साली आरंभिलेल्या आणि १७३२ साली वास्तुशांत झालेल्या या वाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ रोजी, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईला तोंड लागण्यापूर्वी नऊच दिवस, इंग्रजांचे निशाण लागले. परंतु इमारती नाहीशा झाल्या त्या २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत. लाकूड जळताच विटा जागी राहणे शक्य नव्हते. दगडी जोती तेवढी उरली.

नागपूरकर भोसले छत्रपतींचे सेनासाहेब सुभा. त्यांचा महालातील वाडा काळ्या दगडाचा होता. एवढ्यावरून आख्यायिका खोटी ठरत नाही, कारण सातारा दूर आणि काळही बदललेला. पण त्या वाड्यातही कोरीव लाकडाची रेलचेल होती, आणि १८६४ साली तोही जळाला.