दव आहे तवर

शेलारला थंडी पडते ती अशी किती पडणार! भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागलं की नदीनाक्यापाशी कामवारी नदी लागते, तिच्याच काठचं आमचं गाव. निफाडकडचे पाहुणे आमच्या थंडीला हसतात. मार्गशीर्ष-पौषात पहाटे गोधडी ओढून घ्यावीशी वाटते, ओट्यापुढे शेकोटी पेटते आणि दहा वाजले की पुन्हा घाम. तरी हिवाळ्याची तयारी आमच्याकडेही होती, दसऱ्यापासून थेट चंपाषष्ठीपर्यंत पुरणारी. अंगावर घ्यायचं म्हणजे दोन-दोन गोधड्या, त्या आजी दिवाळीनंतर नदीवरच्या दगडांवर आपटून धुवायची आणि वाळवायची. खरी काळजी पुढच्या मिरगापर्यंत घरात काय असेल याची असायची.

पावसाने ऑक्टोबरात पाठ फिरवली की दोन गोष्टी एकदम सुरू व्हायच्या, भाताची कापणी आणि मातीचं सुकणं. या दोघांच्या शर्यतीवर आमचा सगळा हिवाळा अवलंबून. हळवं भात दसऱ्याला हाताशी यायचं, निमगरवं दिवाळीच्या आसपास, गरवं त्याच्याही नंतर. नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागिरीला, लोंब्यांचा झुपका आंब्याच्या पानांसोबत दाराला बांधायचा. नरकचतुर्दशीला पायाच्या अंगठ्याखाली चिरडायचं कारेट बांधावरच मिळायचं. म्हणजे सणही जिथे कापणी चालू तिथूनच यायचे. आता कारेट भिवंडीच्या बाजारात वाट्यावर विकत मिळतं, हे आजीला सांगितलं असतं तर तिने मला वेड्यात काढलं असतं.

खाचरातलं भात निघालं की चिखल अजून ओला असतो. त्या अंगओलीवर वाल टाकायचे. पाणी द्यायचं नाही, खत घालायचं नाही, आणि खरं सांगायचं तर फारसं बघायचंही नाही. एखादी नांगरट करून तासात दाणे सोडायचे, नाहीतर काठीने भोक पाडून दोन-दोन दाणे टाकायचे. पुढचं काम जमिनीतली ओल आणि पहाटेचं दव करतं. पण ओल गेली की जमीन अशी भेगाळते की बी रुजतच नाही. म्हणून कापणी अर्धी राहिलेली असली तरी आजी आज्याच्या मागे लागायची, "भात काय पलून जात नाय, वाल टाका आदी." दिवाळीचा फराळ डब्यात तसाच आणि घरातली माणसं सगळी खाचरात, असं माझ्या लहानपणी दर वर्षीच व्हायचं.

वाल आमच्या जेवणाचा कणा. संक्रांतीच्या पुढे ओल्या शेंगा, शिमग्याच्या सुमारास सुके दाणे, आणि मग वर्षभर बिरडं. मोड आणून, सालं काढून केलेल्या वालाच्या बिरड्याला शहरात आता सणाचं ताट मिळालंय. आमच्याकडे ते मासळी नसेल त्या दिवसाचं जेवण होतं. रायगडाकडे याच शेंगांची मडक्यात पोपटी लावतात. पण सगळ्याचं मूळ त्या कापणीनंतरच्या आठ-दहा दिवसांत.

दुसरं काम खळ्याचं. खाचराच्या उंच कोपऱ्यातले धसकट खरवडायचे, पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने जमीन चोपायची आणि वरून शेणाने सारवायची. वाळलं की पुन्हा सारवायची. मधोमध तिवडा रोवायचा. तोवर भाताचे भारे रचून त्याचं उडवं उभं केलेलं असायचं. थोडं भात झोडून काढायचं, बाकीचं बैलांच्या पायाखाली मळायचं. बैलांना मुसकी बांधायची, तिवड्याभोवती फिरवायचं आणि संध्याकाळी वारा सुटला की सुपाने वारवायचं. पळींज उडून एका अंगाला पडायचं, दाणा दुसऱ्या अंगाला. मग मोजणी. पहिली पायली मोजताना 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. चार शेरांची पायली, वीस मणांची खंडी. मापं सरकारने १९५८ पासून टप्प्याटप्प्याने बदलली, पण आमच्या खळ्यावर किलो पोचायला आणखी पंधरा वर्षं तरी लागली असतील.

या मोजणीचाच इतिहास मला सांगायचा आहे. घरातल्या माणसांनी तो कधी लिहून ठेवला नाही आणि सरकारी कागदावर तो एका ओळीचा आहे.

आमचा आजा कूळ होता. जमीन पावणेदोन एकर, मालक भिवंडीत राहणारा. मळणीच्या दिवशी मालकाचा माणूस येऊन खळ्यावर बसायचा. दाण्याच्या राशीचे दोन भाग व्हायचे, एक मालकाच्या गाडीत आणि एक आमच्या घरात. घरात आलेल्यातूनही बियाणं काढायचं, पावसाळ्यात घेतलेली उसनवारी दिढीने फेडायची. १९४८ च्या कूळकायद्याने खंडावर मर्यादा घातली होती, पण खळ्यावर कायदा वाचून दाखवणार कोण? आजीच्या हिशेबात कणगी होळीपर्यंत पुरायची. होळी ते मिरग हे दिवस कसे काढले असं विचारलं की ती म्हणायची, "वालाव काडले." मला लहानपणी हे कौतुकाचं वाटायचं. वालावर वाटेकऱ्याचा डोळा नसायचा, तो भाताच्या राशीपुरताच यायचा. म्हणून तर भात टाकून ती आधी वालाच्या मागे लागायची. हे पुढे कधीतरी माझ्या ध्यानात आलं, आणि मग आजीचं दिवाळीतलं ते घायकुतीला येणं मला वेगळंच दिसू लागलं.

मग १ एप्रिल १९५७ हा दिवस आला. कायद्यात याला कृषक दिन म्हणतात. त्या दिवशी जमीन कसणारं कूळ तिचं मालक मानलं गेलं. फुकट नव्हे. जमिनीच्या आकाराच्या २० पट ते २०० पट या दरम्यान किंमत ठरायची, ती भरायची, आणि मग '३२ म' चं प्रमाणपत्र हाती यायचं. महाराष्ट्रातल्या किती घरांत हा कागद देवाच्या फळीवर ठेवलेला असेल! सगळ्यांच्याच नशिबी तो आला असं नाही. कित्येकांची नावं पीकपाहणीत नव्हतीच, कित्येकांनी दबावाखाली जमीन आपण होऊन सोडली असं लिहून दिलं. आमच्या आज्याचं नाव लागलेलं होतं, एवढाच फरक. हप्ते भरताना आजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ गेली ती परत आली नाही.

त्या वर्षीच्या कार्तिकात मळणी झाली तेव्हा खळ्यावर दुसरी गाडी उभी नव्हती. सगळी रास घरी आली आणि कणगीत मावेना. आज्याने बांबूची नवी कणगी विणून घेतली, आजीने ती आतून-बाहेरून शेणाने लिंपली. ती माझ्या वयाच्या पोरांच्या डोक्याहून उंच होती. दाणा काढायला खालच्या अंगाला भोक, त्याला चिंधीचा बोळा. माझ्या बापसाच्या पिढीतला मोठा बदल कोणता असं मला कुणी विचारलं, तर मी वीज किंवा डांबरी रस्ता सांगणार नाही, ती कणगी सांगेन.

परसातली कामं बायकांची. पावसाळ्यात घराच्या पाठी मांडवावर दुधी, शिराळी, काकडी चढलेली असायची. दिवाळीनंतर मांडव उतरवायचा, बियाण्याचा एक दुधी वेलावरच वाळू द्यायचा, मोठे भोपळे वाशांना टांगायचे. मांडवाच्या मेढी-काठ्या वयीला लावायच्या, कारण भात निघालं की गुरं मोकळी सुटतात आणि परसाला कुंपण नसेल तर सकाळी फक्त देठं उरतात. गणपतीत टाकलेली वांग्या-मिरचीची रोपं नवरात्रात लावलेली असायची, त्यांना आता आळी करून पाणी घालायचं. चातुर्मासात वांगं वर्ज्य आणि चंपाषष्ठीला भरीत-भाकरीचा नैवेद्य. धर्मातलं मला फार कळत नाही, पण आमच्या परसातलं वांगं बरोबर तेव्हाच धरायचं. त्यामुळे मोह टाळायला फार निग्रह लागत नसे. मुळा, माठ, मेथी यांचे वाफे त्याच्या बाजूला. पाणी कामवारीचं, हंड्याने आणलेलं. यातलं निम्मं घरात शिजायचं आणि निम्मं डोक्यावर पाटीतून भिवंडीच्या बाजारात जायचं. ते पैसे आजीचे. त्याचा हिशेब आज्यानेही विचारला नाही.

गवताचं एक सांगायचं राहिलं. डोंगराकडच्या वरकस जमिनीत कार्तिकात गवत कापणीला यायचं. भिवंडीच्या व्यापारातल्या वस्तू म्हणून जुन्या गॅझेटियरात भात, सुकी मासळी, कापड, लाकूड यांच्या जोडीला गवताचंही नाव आहे. मुंबईत १८७४ पासून तीसेक वर्षं घोड्यांच्या ट्राम चालल्या, बग्ग्या-व्हिक्टोरिया त्याही पुढे, आणि म्हशींचे तबेले तर अजून आहेत. या सगळ्यांच्या पोटात ठाणे जिल्ह्याचं गवत जायचं. आमच्या वाट्याला त्यातली कापणीची मजुरी यायची, आणि गोठ्यावर रचायला पेंढा पुरला नाही तर चार भारे.

माग भिवंडीत फार जुने. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या विणकरांचे हातमाग, मग विसाव्या शतकात यंत्रमाग. आमच्या गावात त्यांचा खडखडाट शिरला तो माझ्या डोळ्यांदेखत. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तिथलं कापड इकडे विणलं जाऊ लागलं. मागाला जागा पाहिजे, आणि जागा म्हणजे कुणाचं तरी परस. चार गाळे काढले की महिन्याला रोख भाडं. एका खाचराचं वर्षाचं भात विकून येत नव्हतं तेवढं. ज्यांनी गाळे काढले त्यांना मी नावं ठेवणार नाही, आमच्या घराच्या पाठचेही दोन गाळे तेव्हाचेच आणि त्याच भाड्यावर मी शिकलो. मांडवाची जागा गेली, वांग्याची गेली. आई गाळ्याच्या भिंतीला लागून तीन हात रुंद पट्टी राखून होती, तिच्यात मिरची आणि माठ.

नदीचं पाणी मात्र भाड्यात धरलं नव्हतं. डाईंग-साईझिंगचं पाणी नाल्यांतून नदीत यायला लागलं तसा नदीचा रंग कधी निळा, कधी तांबडा दिसू लागला. एका दिवाळीनंतर आईने वाफ्यांना नेहमीसारखं पाणी घातलं आणि आठवड्यात मेथी पिवळी पडून बसली. त्यानंतर तिने नदीचं पाणी घातलं नाही, गोधड्याही नदीवर नेल्या नाहीत. बाजारात शेलारची भाजी म्हटलं की गिऱ्हाईक पाटी उलटून बघायचं, मग पाटीही बंद झाली. नदी स्वच्छ करा म्हणून मोर्चे निघतात, निवेदनं जातात, बातम्या येतात. नदी शेवाळ आणि जलपर्णी पांघरून आहे तिथे आहे.

वाल टिकले. त्यांना नदी लागतच नव्हती, दव पुरायचं.

गोदामांचं वारं आलं तेव्हा आधी ठाणे बाजूचा पट्टा भरला. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली. मुंबईच्या जकातीबाहेर माल ठेवायला ही जागा सोयीची होती. जकात २०१७ च्या जुलैत गेली, पण गोदामं वाढतच राहिली. आता आमच्याही बाजूला भराव पडतोय. खाचरात चार-पाच फूट मुरूम टाकला की त्या जमिनीत पुन्हा कधी भात होत नाही, आणि शेजारच्या खाचराचं पाणीही अडतं. एकाने भराव घातला की दुसऱ्याला घालावाच लागतो.

पावणेदोन एकरातलं आमचं आता अकरा गुंठे शिल्लक आहे. भावाचं म्हणणं, ते गोदामाला तीस वर्षांच्या भाडेकराराने द्यावं. तो चुकीचं बोलतोय असं मला म्हणता येत नाही. त्याच्या दोन मुलांच्या शिक्षणाचं कर्ज आहे, आणि भात लावायला मजूर मिळत नाही हेही खरं आहे. मी म्हणतो आईच्या डोळ्यांदेखत नको. यावर तो म्हणतो, मग आईलाच विचार. विचारलं. आई ऐंशी पार आहे. ती म्हणाली, "कागूद आजाचा हाय, इचारतंस मना?" आणि मग तासाभराने, बियाण्याचा डबा कुठे ठेवलाय ते विचारू लागली.

हा डबा पत्र्याचा, जुना. आत राख लावलेले वाल. बाजारात सुधारित बियाणं मिळतं, दापोलीच्या विद्यापीठाने काढलेला 'कोकण भूषण' मी स्वतः एकदा आणून लावला. छान झुडूप येतं, शेंगा लवकर लागतात. आईने भाजी करून खाल्ली, चांगली आहे म्हणाली आणि आपला डबा पुन्हा फळीवर ठेवला. तिच्या वालाचा दाणा बारीक, काळपट तांबूस आणि बिरड्याला चांगला कडवट. तो तिच्या सासूकडून आला आणि सासूला तिच्या सासूकडून. गावात अजून तीन घरांत हेच बी आहे असं आई म्हणते. मी चौकशी केली तेव्हा एका घरात मिळालं.

यंदा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला. कापलेलं भात दोनदा भिजलं, पेंढा काळा पडला. मळणीला यंत्र आणलं, बैल गावात कुणाकडेच नाहीत. तासाभरात अकरा गुंठ्यांचं भात पोत्यांत भरून झालं, 'लाभ' म्हणायला वेळही मिळाला नाही. पण लांबलेल्या पावसाने ओल भरपूर होती. तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊ सुट्टी टाकून आला. त्याने काठीने भोकं पाडली, मी दाणे टाकले, आई बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ओळ वाकडी गेली की ओरडत होती. दीड किलो बी लागलं. डब्यात तळाला तीन-चार मुठी ठेवल्यात. त्या एका घरातून मिळालेलं बी बाटलीत वेगळं ठेवलंय, त्यावर आईने मला तारीख घालायला लावली. करारावर सही फेब्रुवारीत करू, शेंगा निघाल्यावर, असं भाऊ म्हणतो.